हद्दीवरची सत्तावीस नंबर

"हात नोको लावू भाऊ! देवानं थांबवलेली गाडी आहे."

यादोरावाचा हात हँडलवरच राहिला. भाड्याच्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या दिव्यावर कुंकू, आरशाला लिंबू. बाजूला शिवेवरचा शेंदरी दगड, आणि हातात खराटा घेतलेली कुंदाबाई.

गाडी क्र. २७. बॅटरी ४ टक्के.

"देव नाही बाई, कंपनीनं थांबवली. नकाशात आमची हद्द इथं संपते. पुढं गेली का बंद पडते."

"कंपनीले कसं मालूम, आमची शीव कुठं आहे ते?"

पंचवीस वर्षं सायकलरिक्षा ओढून यादोराव आता गोंदियाभर कंपनीच्या स्कूटरच्या बॅटऱ्या बदलत फिरायचा. त्यानं सीट उघडून नवी बॅटरी बसवायला घेतली.

बांधावरून एक बाई भरभर आली. हातात चपला, अंगावर दवाखान्यातल्या आयाची निळी साडी. दुर्गेश्वरी.

"काका, चार्ज झाली ना? सातची ड्युटी आहे. एसटी आठले येते."

"रोज इथं तूच सोडतेस का वं?"

"मंग? घर दोन किलोमीटर पुढं. हे इथंच रुसून बसते."

फोन वाजला. स्पीकरवर ऑफिसातला नीलेश.

"यादोराव, सत्ताईस उठाओ. रोज कोने में पड़ी रहती है, दूसरा कोई चला नहीं पाता. और जो रोज वहाँ छोड़ता है, उसकी आईडी ब्लॉक करो. अभी."

दुर्गेश्वरीनं चपला खाली टाकल्या, पायात घातल्या.

"तीन खाडे झाले माहे," ती म्हणाली. "आता काढूनच टाकतीन."

खोटं बोलायची यादोरावाला सवय नव्हती. रिक्षा ओढताना गरजच पडली नव्हती.

"साहब, कैसे उठाऊँ? गाववालों ने देव को चढ़ा दी. हात लगाया तो मारेंगे."

"क्या? फोटो भेजो."

कुंदाबाईनं सीटवर मूठभर कुंकू टाकलं, खराटा उगारला आणि स्वतःच गाडीपुढं उभी राहिली.

"काढ फोटो."

फोटो गेला. दोन निळ्या खुणा.

काहीच नाही.

अजून काहीच नाही.

"ठीक है. आज छोड़ दो. कल देखते हैं."

गाडी क्र. २७. बॅटरी १०० टक्के.

दुर्गेश्वरीनं पदरानं सीट पुसली, आरसा पुसला. दिव्यावरचं कुंकू राहू दिलं.

"येतो, काका."

गाडी आवाज न करता गेली.

"आन् उद्या?" कुंदाबाईनं विचारलं.

"उद्या नारळ आणतो."

रिकामी बॅटरी दगडापाशी ठेवली होती. ती उचलायला यादोराव वाकला. उठायला त्याला जरा वेळ लागला.