शालीखालचे शोल्डर पॅड

मित्रांनो, माझ्याजवळ याल तर आधी नाक दाबाल. खुशाल दाबा, मला राग येत नाही. इतक्या उन्हाळ्यांचा घाम माझ्या स्पंजात मुरला आहे की धुवा, वाळवा, अत्तर शिंपडा, वास काही हटत नाही. अमेरिकन फुटबॉल खेळणारे जर्सीच्या आत खांद्यांवर जे जाड कवच घालतात ना, ज्यामुळे साधासुधा माणूसही कपाटाएवढा रुंद दिसतो, तो शोल्डर पॅडचा जोड म्हणजे मी.

माझा जन्म अमेरिकेतल्या कारखान्यात झाला. कडक प्लॅस्टिकच्या दोन कमानी, आत स्पंज आणि छातीवर आवळायला पट्टे, एवढाच माझा संसार. खोक्यात बसून बोटीने आलो, रॉटरडॅमच्या बंदरात उतरलो आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या एका क्लबात खुंटीला टांगला गेलो. खेळाडू येत, मला घालून बघत, काखेत काचतो म्हणून पुन्हा टांगून ठेवत. मी अगदी हिरमुसून गेलो होतो. मग एके दिवशी ऋषभ आला. मी त्याच्या खांद्यांवर असा बसलो, जणू शिंप्याने माप घेऊनच मला शिवले होते.

ऋषभ अ‍ॅमस्टरडॅमला लागून असलेल्या अ‍ॅमस्टेलव्हीन गावचा. त्याचे बाबा शिरीष पुण्याहून नोकरीसाठी इथे आले. झुइडास या कचेऱ्यांच्या भागातल्या एका उंच इमारतीत बँकेची संगणकाची कामे बघतात. आई निशिगंधा त्यांच्या पाठोपाठ आली, काही वर्षे घरात बसून कंटाळली, मग जिद्दीने डच शिकली आणि आता पाळणाघरात नोकरी करते. घरात मराठी चालते. ऋषभला सगळे समजते, पण उत्तर देताना अर्धे इंग्रजी, अर्धे डच आणि चवीपुरते मराठी. शाळेत तो हॉकी खेळायचा आणि समोरच्याला धक्का दिला म्हणून सारखा बाहेर बसायचा. धक्का दिल्याबद्दल शाबासकी मिळते असाही एक खेळ जगात आहे हे कळल्यावर त्याने हॉकीची काठी जिन्याखाली टाकली ती कायमची.

संघात तो फुलबॅक झाला. फुलबॅकचे काम सांगायला सोपे आणि करायला अवघड आहे. दुसरा कुणी चेंडू घेऊन पळत असेल तर त्याच्यापुढे पळायचे आणि त्याला पाडायला येणाऱ्याला आपल्या खांद्यावर घ्यायचे. चेंडू फेकणारा उभा असेल तर त्याच्या अंगावर धावून येणाऱ्याला अडवायचे. या अडवण्याला ब्लॉक म्हणतात. टाळ्या मिळतात चेंडूवाल्याला. फुलबॅकच्या वाट्याला येतात निळे-काळे दंड.

ऋषभचे मात्र ब्लॉकवर भागत नसे. जिथे अडेल तिथे त्याला उभा करत. कुणी दुखावले की त्याच्या जागी ऋषभ. पायांमधून चेंडू मागे फेकायला ऋषभ. दोन पावलांचे अंतर काढण्यासाठी गर्दीत डोके घालायला ऋषभ. बटाटा जसा कुठल्याही भाजीत खपतो तसा तो कुठल्याही जागी खपायचा. कोच त्याला डचमध्ये ‘झाकमेस’ म्हणायचा, म्हणजे चाकू, कात्री, पेचकस सगळे एकातच असलेला खिशातला चाकू. क्लबने त्याला पगारी खेळाडू केले, तेव्हा शिरीषरावांनी पेढे वाटले आणि मी, खरे सांगतो, खुंटीवर छाती फुगवून बसलो.

ऋषभच्या मागून धावायचा तो शेरविन. अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडओस्ट भागात उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये आईबरोबर राहणारा, आजोबांच्या काळात सुरीनामहून इथे आलेल्या घरातला पोरगा. पायात वारा, तोंडात सदा गाणे. डाव सुरू होण्याआधी तो माझ्यावर मागून दोन थापा मारायचा. त्या थापेचा अर्थ एवढाच, की तू पुढे आहेस ना, मग मी बिनधास्त. दोघांचे गूळपीठ जमले होते. शेरविनच्या आईने केलेला चिकनचा रोटी-रोल आणि निशिगंधाच्या हातचे बटाटेवडे एकाच डब्यातून खाल्लेले मी पाहिले आहेत.

घोडे पेंड खायचे ते घरी. शिरीषराव माणूस प्रेमळ, पण या खेळात त्यांना एकच गोष्ट कळायची, चेंडू कुणाच्या हातात आहे. ऋषभच्या हातात तो दिसेना. इथल्या मराठी मंडळातले लोक विचारायचे, “काय शिरीष, लेकाने किती गोल मारले?” आणि शिरीषराव विषय बदलायचे.

त्या जुलै महिन्यात सामना अ‍ॅमस्टरडॅममध्येच होता. आदल्या संध्याकाळी ऋषभ स्वयंपाकघरात माझे पट्टे घासत होता. शिरीषराव चहाचा कप घेऊन समोर बसले.

“उद्या मंडळाचे बरेच जण येणार आहेत. मीच बोलावलंय सगळ्यांना.”

“नाइस, बाबा.”

“अरे, नाइस काय? मी त्यांना दाखवू काय? तू कुणाला तरी ढकललंस ते? एवढा पळतोस, एकदा तरी बॉल घेऊन पळ की.”

“बाबा, तो माझा जॉब नाहीये. माझा जॉब ब्लॉक करायचा आहे.”

“एकदाच म्हणतोय मी. आयुष्यभर दुसऱ्यांसाठीच रस्ता काढत बसणार का?”

निशिगंधा ओट्याशी कणीक मळत होती. “खेळू दे हो त्याला त्याच्या पद्धतीनं,” ती म्हणाली.  ऋषभचा पट्टा घासणारा हात थांबला होता, हे मला कळले.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या काही मिनिटांत आमचा संघ मागे होता. डाव ठरला. चेंडू फेकणाऱ्याच्या उजवीकडे ऋषभ, डावीकडे शेरविन. उजवीकडून येईल त्याला ऋषभने अडवायचे, डावीकडून येईल त्याला शेरविनने. शेरविनने माझ्यावर नेहमीच्या दोन थापा मारल्या. प्रेक्षकांत मंडळाचे लोक भगवा फेटा हवेत फिरवत होते. डाव सुरू झाला आणि उजवीकडून एक धिप्पाड गडी सुसाट आला. मी धक्क्याची वाट बघत आवळून बसलो, पण धक्का आलाच नाही. ऋषभने त्याला बाजूने जाऊ दिले आणि स्वतः मोकळ्या जागेत पळाला. हात वर करून ओरडला. चेंडू आला, त्याने झेलला आणि शेवटच्या रेषेपलीकडे नेला. याला टचडाउन म्हणतात. आम्ही जिंकलो. फेटा मैदानात येऊन पडला, शिरीषराव खुर्चीवर चढून नाचले.

मागे काय झाले ते ऋषभने वळल्यावर पाहिले. सोडून दिलेला तो गडी चेंडू फेकणाऱ्यावर जाऊन आदळणार, हे शेरविनने पाहिले होते. आपली जागा सोडून त्याने स्वतःला आडवे घातले. म्हणून तर चेंडू फेकता आला. पण धावत्या गड्याचे सगळे वजन शेरविनच्या गुडघ्यावर बाजूने आले होते. तो गवतावर पडला होता आणि त्याच्या तोंडात गाणे नव्हते.

सोमवारी संघ एकत्र बसून सामन्याची फिल्म बघतो, अशी या खेळातली पद्धत आहे. कोण कुठे चुकला ते सगळ्यांसमोर दिसते. तो डाव आला तेव्हा मी ऋषभच्या मांडीवर होतो. कोचने चित्र थांबवले, ऋषभकडे पाहिले आणि म्हणाला, “जिंकलो. पुढचा डाव.” तो रागावला असता तर बरे झाले असते. फिल्म संपल्यावर ऋषभने मला खुंटीवर टांगले आणि माझा आवळलेलाच पट्टा पुन्हा आवळला.

त्यानंतर त्याचे खेळणे बदलले. ब्लॉक करायचा तो असा, की समोरचा आणि तो दोघेही कळवळत. सरावाला सगळ्यांच्या आधी येई, सगळ्यांच्या नंतर जाई. मैदानावरचे सामानही स्वतःच उचलायचा, कुणी सांगितलेले नसताना. शेरविनची शस्त्रक्रिया झाली, संघातले सगळे भेटून आले. ऋषभ “आज जातो” म्हणून सायकल काढायचा आणि तास-दीड तासाने तोंड पाडून परत यायचा. घरी मात्र रोजची दिवाळी होती. शिरीषरावांच्या फोनवर त्या टचडाउनचा फोटो, दिवाणखान्यात तोच फोटो चौकटीत. जेवताना ऋषभ त्या भिंतीकडे पाठ करून बसायचा. बिचाऱ्या शिरीषरावांना वाटे, पोरगा लाजतो आहे.

मग गणपती आले. मंडळाने ऋषभचा सत्कार ठरवला. मंडळाच्या आसावरीकाकू सूत्रसंचालन करणार होत्या. त्यांनी फोन करून सांगितले, “ऋषभ, तू पूर्ण ड्रेसमध्ये ये हं. ते खांद्याचं काय असतं ना, तेपण घाल. मुलांना मजा वाटेल.” त्यामुळे अ‍ॅमस्टेलव्हीनच्या त्या हॉलमध्ये, मोदकांच्या आणि उदबत्तीच्या वासात, मी माझा वास घेऊन मंचावर चढलो. अध्यक्षांनी हातात नारळ दिला आणि खांद्यांवर शाल घातली. शाल माझ्यावरून दोनदा घसरली, लोक हसले. आजवर माझ्यावर चिखल पडला होता, रक्त पडले होते. रेशमी काठाची शाल पहिल्यांदाच पडत होती.

“आणि आता बघू या तो क्षण, ज्यानं आपल्या सगळ्यांची मान उंचावली,” आसावरीकाकू म्हणाल्या. पडद्यावर तो डाव लागला. टाळ्या, शिट्ट्या. मुले ओरडली, “पुन्हा, पुन्हा.” पुन्हा लावला. सगळा हॉल चेंडू बघत होता.

निशिगंधा पहिल्या रांगेत होती. पाळणाघरात काम करून तिच्या नजरेला एक वळण लागले आहे. घसरगुंडीवर दहा मुले हसत असली तरी तिला आधी पडलेले मूल दिसते. टाळ्या थांबल्यावर तिने तिथूनच विचारले, “ऋषभ, मागे पडला तो कोण रे?”

दोन शब्द बोलायला म्हणून माईक ऋषभच्या हातात दिलेला होता. “शेरविन,” तो म्हणाला.

“तो असा कसा पडला?”

“ज्याला त्यानं अडवलं, तो माझा होता, आई. मी त्याला सोडलं. मुद्दाम. बॉल हवा होता मला.”

 शिरीषराव हातात फोन धरून उभे होते, चित्रण करत होते. त्यांनी फोन हळूच खाली घेतला. आसावरीकाकूंनी सावरून घेत आरतीची घोषणा केली. भल्या बाई, दुसरे काय करणार होत्या?

कपडे बदलायच्या खोलीत ऋषभने मला पिशवीत कोंबले. शिरीषराव आत आले. “तुला ते करायला मी लावलं,” ते म्हणाले.

“नाही बाबा. तुम्ही म्हणालात. केलं मी.”

“शेरविनला भेटलास?”

ऋषभने मान हलवली. नाही.

शिरीषरावांनी पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली. आरतीला न थांबता दोघे निघाले, ट्रामने आणि मग मेट्रोने.  झुइडओस्टला पोहोचलो तर इमारतीची लिफ्ट बंद. बापलेक जिना चढले. पिशवीची चेन अर्धी उघडी होती, म्हणून मला सगळे दिसत होते.

दार शेरविननेच उघडले. काखेत कुबड्या, गुडघ्यावर पट्ट्यांचा सांगाडा. शिरीषराव इंग्रजीत म्हणाले, “मी याला बॉल घे म्हणालो होतो. माझी चूक झाली.” शेरविनने त्यांना हात जोडून नमस्कार केला, ऋषभनेच कधीतरी शिकवलेला, आणि मग तो ऋषभकडे बघत राहिला.

“मी त्याला मुद्दाम सोडलं,” ऋषभ डचमध्ये म्हणाला.

“माहीत आहे. मी तिथंच होतो.” शेरविनचा आवाज शांत होता. “त्याबद्दल मी तुला माफ करीन की नाही, मलाच अजून ठाऊक नाही. पण सगळा उन्हाळा मी त्या खिडकीत बसून तुझी सायकल बघतोय. खाली येतोस, उभा राहतोस, जातोस. वर का आला नाहीस?”

ऋषभ रडला. एवढा थोरला गडी, दारातच रडला. शेरविनने त्याला रडू दिले. मग म्हणाला, “लिफ्ट बंद पडल्यापासून मी घरात अडकलोय. मला खाली ने.”

ऋषभ उलटा होऊन एक पायरी खाली उतरला. शेरविनने एक कुबडी शिरीषरावांच्या हातात दिली आणि मोकळा हात ऋषभच्या खांद्यावर ठेवला. त्या हाताचे सगळे वजन त्या दिवशी उघड्या खांद्यावर पडले, मध्ये मी नव्हतो. मला ते बरे वाटले आणि वाईटही वाटले. पहिल्या वळणावर शेरविन थांबला, धापा टाकत म्हणाला, “हळू. आणि या वेळी माझ्यापुढून हलू नकोस.”

मित्रांनो, शेरविन पुन्हा मैदानावर धावला नाही. ऋषभ अजून खेळतो, नव्या जोडात. मी त्यांच्या घराच्या अडगळीच्या खोलीत सायकलींच्या मागे पडून असतो. मला धुवा, पुसा, जपा असे मी सांगणार नाही, माझे दिवस सरले. पण तुमच्यामुळे कधी कुणी पडले, तर त्याच्या दारापर्यंत जा, खालूनच परत फिरू नका. वर गेल्यावर काय ऐकावे लागेल या भीतीत तुम्ही जितके दिवस घालवाल, तितके दिवस तो खिडकीत बसून तुमची वाट बघत असतो.