मानेवरची बट

“बस खाली! आता उठलीस तर हे भांडं तुझ्या डोक्यावर उपडं करीन,” तूबा कडाडली.

“आबजी, चहा उतू जाईल गं,” धाकटी बहीण फरंगीस म्हणाली.

“जाऊ दे! तुझ्या चहापायी एक नीळ मेली, मांजरापायी दुसरी. ही शेवटची पूड आहे.”

इराणातल्या यज्द शहरच्या बायकांचे केस रंगवण्यात तूबाची चाळीस वर्षे गेली होती. मेंदी गरीब, रात्रभर भिजत पडेल, पण कुरकुरणार नाही. लाल केस काळे करायला तिच्यावर चढवायची नीळ मात्र मानिनी. कालवली की लगेच लावा, नाहीतर रुसली. धाकट्या फरंगीसचे वीतभर वाढलेले पांढरे केस सकाळच्या मेंदीने गाजरासारखे लाल झाले होते, आणि ही बया काही ना काही निमित्त काढून उठत होती.

तिचा नवरा काझेम जाऊन चौदा महिने झाले. घरातल्या थोरलीने मेंदी आणून केस रंगवले की दुखवटा फिटतो, अंगावरचे काळे उतरते. तूबा तीनदा मेंदी घेऊन आली होती, तीनदा दारातूनच परत गेली होती. उद्या फरंगीसच्या लेकीच्या, मोनीरेच्या, होणाऱ्या सासरची माणसे यायची होती. आई काळ्या कपड्यांत असताना लेकीच्या लग्नाची तारीख कोण धरणार?

“खाला, उरका एकदाचं,” मोनीरे स्वयंपाकघरातून मावशीला म्हणाली. “सासूबाई विचारतायत, तुझ्या आईला काळं उतरवायला आणखी किती वर्षं लागणार?”

“ऐकलंस?” तूबाने हिरवा लगदा भराभर थापायला घेतला. कपाळ झाले, कानशिले झाली, माथा झाला. मानेपाशी हात गेला आणि फरंगीसने तिथे तळवा दाबून धरला.

“तिथं नको.”

“आता काय?”

“तिथं नको म्हटलं ना.”

“अगं, मागून लाल, पुढून काळी! लोक म्हणतील, तूबाचे डोळे गेले. हात काढ!”

फरंगीसने हात काढला नाही.

“मानेमागची नीळ मोनीरेचे बाबाच लावायचे,” ती म्हणाली. “गिरणीतून मेंदी दळून आले की तळवे लालबुंद. आधी मानेवर हात ठेवून बघायचे. म्हणायचे, थांब, आज माझ्या हाताचा रंग तुझ्या केसांना आलाय. मग झाकायचे.”

“आणि हे तू आज सांगतेयस? चौदा महिने माझ्या डोक्यावर मिरे वाटलेस! तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीस?”

“सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?”

तूबाने भांड्यात बोट बुडवून बघितले. भांड्यातली नीळ काळवंडू लागली होती.

“मोनीरे,” ती खेकसली, “तो फुलाफुलांचा रुमाल आण. मोठा बघून.”

केस धुऊन वाळले तेव्हा ऊन डाळिंबाच्या झाडामागे उतरले होते. काळे कपडे दोरीवर पडले होते. उरलेली नीळ तूबाने डाळिंबाच्या आळ्यात ओतली, हात पुसले आणि बहिणीच्या डोक्याला रुमाल बांधला. गाठ सैल वाटली म्हणून सोडून पुन्हा बांधली. मग मागे जाऊन रुमालाचे टोक दोनदा खाली ओढले, मानेवरची ती तळव्याएवढी, लाल राखलेली बट झाकेपर्यंत.