माझी साक्ष आणि छबूमावशीच्या गोळ्या

मी आता बोलते. खूप बोलते. वर्गात बोलते, एसटीत बोलते, पप्पा म्हणतात झोपेतही बोलते. पण दोन वर्षांपूर्वी मला कुणी नाव विचारलं की 'मो'पाशीच गाडी बंद पडायची. मो, मो, मो... तोवर समोरचा माणूसच म्हणायचा, "मोनिका का? बरं बरं." आणि मला वाटायचं, याला कडकडून चावावं. माझं नाव होतं ना, मलाच पुरं करू द्यायचं!

शब्द पुरा होईपर्यंत थांबणारं माणूस मला एकच भेटलं. छबूमावशी.

नगर जिल्ह्यातल्या बेलापूरपासून चार किलोमीटरवर आमचं गाव, त्यात आमची ख्रिस्ती गल्ली, सतरा घरं आणि टोकाला पत्र्याचं चर्च. मावशी आमच्या समोर राहायची. नात्याची नाही. नवरा कधीच वारलेला, मूलबाळ नाही, लोकांच्या रानात कांदे काढायला नाहीतर खुरपायला जायची. लिहिता-वाचता येत नव्हतं. मी नववीत गेले त्या जूनमध्ये तिनं मला ओट्यावरून हाक मारली.

"मोने, संध्याकाळचं मला शास्त्र वाचून दाखवशील का? मला कुठं वाचता येतंय."

"म-म-मला तरी कु-कुठं..."

"तुला अक्षरं तरी कळत्यात ना? मला तीबी कळत न्हाईत. ये."

पहिल्या दिवशी बायबलचं अर्धं पान वाचायला तास गेला. मी अडले की ती सुपातल्या गव्हातले खडे काढत बसायची. 'सावकाश' म्हणायची नाही, 'घाबरू नको' म्हणायची नाही, पुढचा शब्द सांगायची नाही. (सांगणार कशी, तिला येतच नव्हता!) एकदा एका राजाच्या नावावर मी इतकी अडले की तिचं अख्खं सूप निवडून झालं. मी रडकुंडीला आले. ती म्हणाली, "एवढं काय घेऊन बसलीस त्या राजाचं? त्याच्या आईलाबी येत नसंल त्याचं नाव. तू अडलीस की माझं गहू तरी साफ हुत्यात."

मी हसले, आणि हसता हसता ते नाव बाहेर पडलं.

रोज संध्याकाळी. जूनपासून डिसेंबरपर्यंत. दिवाळीला पाच-पाच ओळी न अडता जायला लागल्या. वाचून झालं की ती माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची, एवढीच: "प्रभू, पोरीचं त्वांड मोकळं कर. आन माझा खोकला बघ."

खोकला क्षयाचा निघाला. आमच्या गावच्या आशा सेविका धनश्रीताई तिला ऑक्टोबरात तपासायला घेऊन गेल्या होत्या. सहा महिने गोळ्या, रोज, एकही दिवस न चुकता. ताई पाकिटं घरी आणून द्यायच्या आणि रिकामी झालेली परत न्यायच्या. सुरुवातीला मम्मीनं मला जाऊ दिलं नाही. मग मावशी ओट्याच्या त्या टोकाला, तोंडाला पदर लावून, आणि मी या टोकाला, जरा ओरडून वाचायची. ओरडून वाचताना तर मी कमीच अडायचे!

नाताळच्या आठवड्यात आमच्या चर्चमध्ये सभा झाली. बाहेरगावचे एक प्रचारक आले होते. दुपारी त्यांनी आजाऱ्यांसाठी प्रार्थना ठेवली आणि मम्मीनं मला पुढं ढकललं. त्यांनी माझ्या कपाळाला तेल लावलं, सगळी मंडळी मोठ्यानं प्रार्थना करत होती, आणि मग माईक माझ्या तोंडापुढं आला.

"बाळ, नाव काय तुझं?"

"मोनिका अंगद पाटोळे."

एका दमात. गावासमोर! पत्रा उडून जाईल एवढ्या टाळ्या. मम्मी रडायला लागली, पप्पांनी चष्मा काढला. इथपर्यंत सगळं खरं आहे.

"आधी बोलता येत होतं का?" प्रचारकांनी विचारलं.

"एक शब्दही नाही."

"आणि आता?"

"आत्ता, या घटकेला, प्रभूनं माझी जीभ मोकळी केली."

एका वाक्यात मी सात महिने पुसून टाकले. ओटा पुसला, सूप पुसलं, ते पाच-पाच ओळी वाचणं पुसलं. मला ते खोटं वाटलंच नाही. टाळ्या चालू असताना कुठलंच वाक्य खोटं वाटत नाही.

मग मला बोलावणी यायला लागली. आमच्या चर्चचे पाळकसाहेब मला साक्ष द्यायला, म्हणजे प्रभूनं मला कसं बरं केलं ते सांगायला, घेऊन जायचे. जानेवारीत नगरला, फेब्रुवारीत कर्जतला. मी, जी वर्गात 'हजर' म्हणू शकत नव्हते, ती शंभर माणसांपुढे माईक धरून उभी! प्रत्येक वेळी गोष्ट थोडी वाढायची. कर्जतला मी सांगितलं की डॉक्टरांनी आशा सोडली होती. मला कुठल्या डॉक्टरांनी बघितलंच नव्हतं. शेवटी मी म्हणायचे, "औषध नाही, गोळी नाही, फक्त विश्वास!" हे माझं स्वतःचं वाक्य. त्यावर टाळ्या हमखास.

संध्याकाळचं वाचन तेवढं राहून गेलं. मावशी ओट्यावरून हात करायची, मी गेटमधूनच ओरडायचे, "उद्या गं!"

मार्च संपता संपता एकदा मी गेले. राहुरीकडच्या चर्चच्या मंडळीचं बोलावणं आलंय, हे तिला सांगायला गेले होते. ती घरामागं शेवग्याच्या बुडाशी बसलेली. पाकिटातून एकेक गोळी फोडून मातीत टाकत होती आणि वर माती ओढत होती. पाठीची हाडं ब्लाउजमधून दिसत होती.

"मावशी, काय करतेस?"

"हळू बोल. धनश्रीला कळंल. तिला पाकिटं रिकामी लागत्यात."

"तू गोळ्या खात नाहीस?"

"नाताळापासनं न्हाई." ती खोकली, पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघून चक्क लाजली. "तुला सांगू का, मोने, सात महिनं मी तुझ्यापाशी बसले. मला आपलं वाटायचं, पोरीला हळूहळू येतंय. पन तू सांगितलंस की त्या घटकंला झालं म्हनून. साक्षीत कोन खोटं बोलंल? तवा कळलं, माझंच डोळं आंधळं. प्रार्थनाबी करायची आन गोळीबी खायची, मंग इश्वास कुठं ऱ्हायला? सोडून दिल्या. तूच म्हनतीस न्हवं, औषध न्हाई, गोळी न्हाई?"

मला तेव्हा सगळं बोलता येत होतं. कुठलंही अक्षर अडत नव्हतं. 'मावशी, मी खोटं बोलले', चार शब्द. पण ते सांगितलं असतं तर ते पाळकसाहेबांपर्यंत गेलं असतं, मम्मीपर्यंत गेलं असतं, राहुरी गेली असती. मी एवढंच म्हटलं, "गोळ्या घे गं."

ती हसली. "तू म्हनतीस व्हय हे? तुझ्यासारखीनं म्हनू ने."

झावळ्यांच्या रविवारी, ईस्टरच्या आदल्या रविवारी, मी राहुरीकडे जाऊन तीच साक्ष दिली. तेच वाक्य म्हटलं. त्यांनी मला शाल घातली. त्या दिवसापासून मी मावशीच्या घराकडे बघायचंच सोडलं. सोळा दिवस.

सोळाव्या दिवशी कांदे काढता काढता तिच्या तोंडातून रक्त आलं. बायकांनी तिला टेम्पोत घालून सरकारी दवाखान्यात नेलं. मी पप्पांबरोबर पोचले तेव्हा धनश्रीताई खाटेजवळ उभ्या होत्या, आणि त्यांना इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"छबूबाई, माझ्या हातात रिकामी पाकिटं देत होतीस! मी वर लिहून पाठवत होते, पेशंट गोळ्या घेतोय म्हणून! कुणी सांगितलं तुला सोडायला? नाव सांग. कुणी सांगितलं?"

मी खाटेच्या पायथ्याशी, तोंडाला मास्क. मावशीनं माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही.

"कोनी न्हाई, बाई. पोटात जळजळायचं."

"मग मला सांगता येत नव्हतं?"

"माझंच चुकलं. आडानी मानूस मी."

ताई अजून बरंच बोलल्या आणि तिनं ते सगळं ऐकून घेतलं. माझ्या वाट्याचं.

ताई डॉक्टरांकडे गेल्या, पप्पा चहाला गेले. मी स्टुलावर बसले.

"मावशी, मी खोटं बोलले. त्या घटकेला नाही झालं. तुझ्या ओट्यावरच होत आलं होतं. मला माहीत होतं."

तिनं मान माझ्याकडे वळवली.

"म्हंजी मी नीट बघितलं हुतं," ती म्हणाली. "माझं डोळं चांगलं हुतं."

"हो."

"आन शेवग्यापाशी तुला कळलं, तवाबी बोलली न्हाईस."

"नाही."

"खरं सांगितलं असतं तर तुला कोनी मारलं असतं का गं?"

"नाही."

"मंग?"

"टाळ्या..." मी म्हटलं. पुढं येईना. जीभ अडली नव्हती. पुढं काही नव्हतंच.

"व्हय," ती म्हणाली. "माझ्यासाठी कधी कोनी वाजवल्या न्हाईत, पन गोड लागत असतील." आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

दुसऱ्या दिवशी मी गेले तर ती माझ्याशी एक शब्दही बोलली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी नर्सनं गोळ्या दिल्या तेव्हा तिनं माझ्याकडे हात केला. "पानी दे. माफ केलं म्हनून न्हाई, घसा कोरडा पडलाय म्हनून." चार गोळ्या, एकेक करून गिळल्या. प्रत्येक गोळीला डोळे मिटून ओठ हलवायची. प्रार्थना करूनच गोळी खात होती. दोन्ही एकदमच.

दहाव्या दिवशी तिनं मला जवळ बोलावलं. आवाज पार बसला होता.

"पाळकाला सांगितलंस?"

"नाही अजून."

"सांग. माझ्यासाठी न्हाई, मी काय आता..." दम लागला, थांबली. मी थांबले. "तुला ते आतल्या आत खाईल, पोरी. खोकल्यासारखं. ते बी बरं व्हाया पायजे." मग तिनं हात उचलला, माझ्या डोक्यापर्यंत पोचेना, म्हणून मीच वाकले.

अकराव्या दिवशी सकाळी ती गेली. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात काही राहिलंच नव्हतं, गोळ्यांना खूप उशीर झाला. आमची सगळ्यांची तपासणी झाली. माझ्यात काही निघालं नाही.

पेटी चर्चमध्ये ठेवली होती. कोण म्हणत होतं, प्रभूची इच्छा; कोण म्हणत होतं, सुटली बिचारी. पाळकसाहेब म्हणाले, "मोनिका, बाळ, तुझ्यावर तिचा जीव होता. दोन शब्द बोल."

मी माईक घेतला नाही. पेटीजवळ उभी राहिले आणि सांगितलं. जूनपासून सांगितलं. गहू, सूप, राजाचं नाव, नाताळची दुपार, शेवगा, राहुरीची शाल. "पोटात जळजळायचं असं ती म्हणाली, ते माझ्यासाठी," असं सांगितलं तेव्हा धनश्रीताई उठून बाहेर गेल्या. मम्मी माझी ओढणी ओढत होती, बस कर, बस कर. मी केलं नाही.

पाळकसाहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. "मग प्रभूनं तुला बरं केलं नाही, असं म्हणायचंय का तुला?"

"केलं," मी म्हणाले. "पण त्या दुपारी नाही. रोज संध्याकाळी, थोडं थोडं केलं. तिच्या हातून केलं. आणि मी तिचं नाव घेतलं नाही."

मागं एक बाळ रडत होतं तेवढंच. मग पाळकसाहेब खाली उतरून पहिल्या बाकावर बसले, बाकीच्या चार माणसांसारखे, आणि म्हणाले, "मी तुला गावोगाव नेलं. एकदाही विचारलं नाही." मग ते रडले. आम्ही तिला आमच्या दफनभूमीत, लिंबाखाली ठेवलं. परत येताना लंकाकाकू, जिनं नाताळात मला सगळ्यात आधी मिठी मारली होती, ती माझ्या बाजूनं गेली आणि बोलली नाही. अजून बोलत नाही.

त्या शुक्रवारच्या उपास प्रार्थनेत पाळकसाहेबांनी मला विचारलं, "बाकीच्या मंडळ्यांचं काय? तिथंही लोकांनी ऐकलंय."

मी त्याचा विचारच केला नव्हता. तिथंही असेल कुणीतरी शेवग्याखाली.

पहिल्यांदा कर्जत. सकाळी निघालो, पाळकसाहेब, मी आणि धनश्रीताई. ताईंनी वाटेत माझ्याकडे बघितलंही नाही, पण आल्या. चर्च तेच, माणसं तीच, मला बघून बायका हसल्या, जागा करून दिली. मी उभी राहिले. एकेकाचं हसणं विरत गेलेलं मला वरून दिसत होतं. एक म्हातारे बाबा अर्ध्यातच उठून निघून गेले. संपल्यावर कुणी 'आमेन' म्हटलं नाही. चहा दिला, पण कप हातात न देता टेबलावर ठेवला. बरोबरच होतं त्यांचं.

आम्ही चपला घालत होतो, तेव्हा एक बाई मागून आली. बनुबाई नाव. पाय सुजलेले, सावकाश चालत होती. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. तिनं धनश्रीताईंना बाजूला घेतलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "ताई, साखरंच्या गोळ्या मी फेब्रुवारीत बंद केल्यात. परत चालू केल्या तर चालंल का?"

ताईंनी तिचा हात धरला, तिला पायरीवर बसवलं, स्वतः खाली बसल्या आणि तिची सुजलेली पावलं दाबून बघायला लागल्या. "चालंल म्हणजे? आजच चालू करायच्या. आणि उद्या सकाळी दवाखान्यात. तुमच्या इथली आशा कोण आहे?"

"हाय की, गल्लीतच ऱ्हाती."

"मग तिला घेऊनच जा."

बनुबाईनं मान हलवली. उठायला गेली, परत बसली. "आन ताई," तिनं विचारलं, "सकाळची उपाशीपोटी घ्यायची, का खाऊन?"