काहीच न विचारणारा पाहुणा

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे. भिंतीला चिकटून बसणारा सडपातळ टीव्ही नव्हे. माझ्या पाठीला कुबड आहे, पुढे फुगीर काच आहे, आणि उचलायला अजूनही दोन माणसं लागतात. बदनापुरात, स्टेशनच्या रस्त्यापासून थोडं आत, काकासाहेबांच्या घरात पुढच्या खोलीत मी राहतो.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. जालन्याच्या एका दुकानात मी बरेच दिवस लाल मासे आणि निळं पाणी दाखवत उभा होतो. मग काकासाहेबांनी मला गोधडीत गुंडाळून टेम्पोतून घरी आणलं. प्रेमलाबाईंनी मला हळदीकुंकू लावलं आणि स्वतः विणलेला रुमाल डोक्यावर टाकला. त्या वर्षी गल्लीतली निम्मी माणसं संध्याकाळी आमच्याकडे असायची. सामना असला की चपलांचा ढीग पडायचा. "काकासाहेबांच्या टीव्हीला रंग कसे बराबर दिसतात!" असं लोक म्हणत, आणि खरं सांगतो, माझी काच गरम व्हायची ती नुसत्या विजेने नव्हे.

मग प्रत्येकाच्या हातात मोबाईल आला. चपला कमी झाल्या. माझ्यावर धुळीचा थर बसू लागला, आणि नरहरचा मुलगा पार्थ त्यावर बिस्किटाचा हात फिरवू लागला. नरहर म्हणजे काकासाहेबांचा मुलगा, तृप्ती त्याची बायको, आणि कल्याणी त्याची धाकटी बहीण. रोज सकाळी मला चालू करणाऱ्या आता एकट्या प्रेमलाबाई उरल्या.

तुम्हाला वाटत असेल, टीव्ही बंद केला की तो आंधळा होतो. तसं नाही, मित्रांनो. चालू असताना मी जगभरची माणसं दाखवण्यात गुंतलेला असतो. बंद झालो की माझ्या काळ्या काचेत फक्त ही खोली उरते. मी जे पाहिलं, ते बहुतेक बंद असतानाच पाहिलं.

गेल्या वर्षी प्रेमलाबाईंना एका विनोदी मालिकेचं वेड लागलं. एका सोसायटीतल्या शेजाऱ्यांची ती गोष्ट होती. तळमजल्यावर गुणवंत नावाचा एक अविवाहित तरुण, आणि वरच्या मजल्यावर रेवती नावाची शिक्षिका. गुणवंत रेवतीला देवी मानायचा. ती जिना उतरायच्या वेळेला तो जिन्यात उभा राहायचा. तिचा पडलेला रुमाल उशाखाली ठेवायचा. तिने उष्टा टाकलेला चहाचा कप धुवून कपाटात मांडायचा. आणि प्रत्येक वेळी माझ्यातून खूप माणसांचं हसू बाहेर पडायचं.

"बघ कशी पूजा करतो पोरीची!" प्रेमलाबाई म्हणायच्या. "असा नवरा मिळायला नशीब लागतं."

"आई, येडा हाय तो," नरहर म्हणायचा. "तिच्या चपलेला नमस्कार करून राह्यला."

"मंग तू कर की तृप्तीच्या चपलेला. एक दिवस तरी."

"चपलेचं राहू द्या," तृप्ती हसायची. "आधी पार्थची शी धुवा म्हणावं. त्यातच मला देवी झाल्यासारखं वाटंल."

पण हसणं ओसरलं की तृप्तीच्या कपाळावर आठी यायची. एकदा ती म्हणाली, "पण आई, असं खरंच असतं का? त्यानं रेवतीला आजवर एक प्रश्न विचारला का? काय आवडतं, कशानं राग येतो, काहीच न्हाई. मंग प्रेम करतो ते नेमकं कोणावर?"

"अगं, प्रेम असलं की विचारावं लागत न्हाई."

"वहिनी, सिरियल हाय ती," कल्याणी म्हणाली. "बातम्या न्हाईत. एवढं काय मनावर घेऊन राह्यली?"

एका दुपारी पार्थ दिवाणावर झोपला होता, म्हणून तृप्तीने माझा आवाज पूर्ण बंद केला. प्रसंग नेहमीचाच होता. रेवती पर्स सावरत जिना उतरत होती आणि गुणवंत खाली वाट अडवून उभा होता. फक्त आज हसू नव्हतं. अंधारा जिना, एकटी बाई, आणि हलत नसलेला पुरुष. तृप्तीने पार्थच्या अंगावर हात ठेवला आणि चॅनेल बदललं. त्या दिवशी मला पहिल्यांदा माझ्या आतल्या हसणाऱ्यांची भीती वाटली. ते कोण होते, कशाला हसत होते, मला अजून ठाऊक नाही.

दिवाळी झाली आणि वाटूरहून लग्नं जुळवणाऱ्या मालनबाई एक स्थळ घेऊन आल्या. मुलाचं नाव राधेश्याम. वाटूर फाट्यावर बी-बियाणांचं दुकान. कल्याणी जालन्याच्या एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला आहे, बदनापूरहून रोज रेल्वेने जाते-येते. तिथेच माल घ्यायला आल्यावर राधेश्यामने तिला पाहिलं होतं.

"पोरगं म्हणतं, करीन तर हिच्याशीच," मालनबाई चहा फुंकत म्हणाल्या. "हुंडा नको, मानपान नको. तिला देवीच मानतंय, बाई!"

"म्हणजे आमचा गुणवंतच की!" प्रेमलाबाईंनी टाळी वाजवली.

बघायचा कार्यक्रम ठरला. माझी काच पुसली गेली, नवा रुमाल आला. राधेश्याम, त्याचे मामा आणि मालनबाई माझ्या समोरच्या खुर्च्यांवर बसले. पोरगा दिसायला नीटनेटका, बोलायला हळू. कल्याणी पोहे घेऊन आली आणि बाजूच्या दिवाणावर बसली. मामांनी घसा साफ करून सुरुवात केली, "तर मुली, शिक्षण…"

"मामा, काही विचारू नका," राधेश्याम हसून म्हणाला. "मला सगळं ठाऊक हाय."

खोलीत सगळ्यांना हायसं वाटलं. या भागात मुलाकडची माणसं प्रश्न विचारू लागली की मुलीचे आईबाप अंग चोरून बसतात. एका प्रश्नामागून दुसरा, आणि शेवटी मागणी. इथे तर प्रश्नच नव्हते. काकासाहेबांनी सुटकेचा श्वास सोडलेला मी पाहिला.

पण मी आणखी एक गोष्ट पाहिली. राधेश्याम कल्याणीकडे बघतच नव्हता. तो माझ्याकडे बघत होता. माझ्या बंद काचेत दिवाणावरची कल्याणी दिसत होती, लहानशी, रंग नसलेली, आवाज नसलेली. तो पूर्ण वेळ तिच्याकडे बघत होता. खरी कल्याणी दोन हातांच्या अंतरावर बसून पोह्यांतली मिरची बाजूला काढत होती, तिच्याकडे त्याने मान वळवली नाही. पाण्याचा तांब्या घेऊन आलेल्या तृप्तीने त्याची नजर पकडली, मग माझ्या काचेत पाहिलं.

पाहुणे गेल्यावर ती म्हणाली, "मामंजी, त्यांनी एकसुद्धा प्रश्न विचारला न्हाई."

"मंग चांगलंच न्हाई का?"

"मला न्हाई चांगलं वाटत."

"तृप्ती, विचारलं असतं तरी तुला वंगाळच वाटलं असतं," प्रेमलाबाई म्हणाल्या. "लेकरू झाल्यापासून तुला पंख्याचीबी भीती वाटते."

सगळे हसले. कल्याणीही हसली. तिला आवडलं होतं ना, मित्रांनो! आपल्याला कोणी चंद्रासारखं बघावं, कोणाला नको असतं? फोन सुरू झाले. त्याने एक साडी पाठवली, पांढरट, कारण तिला पांढरंच शोभतं असं त्याचं म्हणणं. मग त्याने सांगितलं की चष्म्याने चेहरा झाकतो. कल्याणी चष्मा पर्समध्ये ठेवू लागली. प्रयोगशाळेत ओल्या कागदावरचे कोंब मोजताना तिच्या चुका होऊ लागल्या, आणि तिच्या मॅडम तिला पहिल्यांदाच रागावल्या. घरी येऊन ती माझ्यासमोर उभी राहायची आणि माझ्या काळ्या काचेत स्वतःला बघायची. ती हळू बोलायचा सराव करत होती. मी तिच्याकडे बघत होतो आणि ती दिवसेंदिवस काचेतल्या मुलीसारखी होत चालली होती.

एकदा फोन ठेवून ती तृप्तीला म्हणाली, "वहिनी, ते म्हणाले, काल रेल्वेत तू खिडकीजवळ बसली न्हाईस म्हणून. त्यांना कसं कळलं?"

"ते गाडीत होते?"

"मला तरी दिसले न्हाईत."

त्या दिवसापासून तृप्ती रोज सकाळी कल्याणीला विचारू लागली, चष्मा घेतला का.

मग सुपारी फोडायचा दिवस आला. सुपारी फुटली की लग्न पक्कं, मग मागे फिरणं अवघड. मंडळी आली तेव्हा मी चालू होतो; प्रेमलाबाई घाईत मला बंद करायच्या विसरल्या होत्या. गुणवंत हातात आरतीचं ताट घेऊन जिन्यात घसरला, आणि कल्याणीला हसू फुटलं. तिचं हसणं कसं, तर नाकातून आवाज येणारं, अंग हलवणारं. घरातल्यांना ते पाठ आहे.

राधेश्याम म्हणाला, "तू अशी हसत न्हाईस."

आवाज चढवला नव्हता. समजावल्यासारखा म्हणाला. हसत राहिले फक्त माझ्या आतले लोक. नरहरने उठून मला बंद केलं.

तृप्ती पदर खोचून पुढे आली. "राधेश्यामराव, तुम्ही कल्याणीला आजवर काही विचारलं का हो?"

"विचारायचं काय, वहिनी? ती कमी बोलते. आवाज चढवत न्हाई. पांढरा रंग आवडतो. लग्नानंतर तिला घराबाहेर पडायची गरज न्हाई. देव्हाऱ्यात ठेवल्यासारखी ठेवीन."

"ही कमी बोलते?" नरहरच्या तोंडून निघून गेलं. "हिच्यामुळं घरात दुसऱ्या कोणाला बोलायला भेटत न्हाई!"

कोणी हसलं नाही. कल्याणीने पर्समधून चष्मा काढला, घातला, आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. बहुतेक पहिल्यांदाच.

"आमच्याकडं बियाणं आलं ना, की आम्ही पाकिटावरचं चित्र बघत न्हाई," ती म्हणाली. आवाज चढत होता. "ओल्या कागदात ठेवतो, उघडून बघतो, काय उगवलं, काय सडलं. तुम्ही नुसतं पाकीट धरून बसले. आत काय हाय ते तुम्हाला बघायचंच न्हाई." मग ती काकासाहेबांकडे वळली. "आबा, मला हे लग्न करायचं न्हाई."

मामा उठले. मालनबाईंनी कपाळावर हात मारला. राधेश्याम मात्र हसला, अगदी गोड.

"रागात हाय ती," तो काकासाहेबांना म्हणाला. "माझी कल्याणी असं बोलणार न्हाई. मी थांबीन."

कल्याणी त्याच्यासमोर उभी होती, मित्रांनो, आणि तो दुसऱ्याच कोणाविषयी बोलत होता.

सुपारी फुटली नाही. काकासाहेबांनी मालनबाईंकडून साडी परत पाठवली. आठवड्याभराने कल्याणी कामावरून आली ती पांढराफटक चेहरा घेऊन. तो स्टेशनवर उभा होता. बोलला नाही, जवळ आला नाही. नुसता समोरच्या फलाटावर, हसत. दुसऱ्या दिवशीही. काकासाहेब वाटूरला जाऊन मामांना भेटले. मामा म्हणाले, "प्रेम करतं पोरगं. मारत तर न्हाई ना?"

त्या संध्याकाळी प्रेमलाबाई मालिका लावून बसल्या. गुणवंत जिन्यात उभा राहिला, हसू आलं, आणि प्रेमलाबाईंनी बटण न शोधता भिंतीतला प्लगच ओढून काढला. "तृप्ती," त्या म्हणाल्या, "उद्यापासून मी जाईन तिच्यासंगं स्टेशनवर."

"जा आई. आणि सगळ्यांना सांगा. लपवायचं आपण कशाला?"

तृप्तीने स्वतःही तेच केलं. गल्लीत सांगितलं, रेल्वेच्या डब्यातल्या रोजच्या बायकांना फोन करून सांगितलं, नरहरला घेऊन पोलिसांत अर्ज दिला. कल्याणीने नोकरी सोडली नाही. प्रेमलाबाई रोज सकाळी स्वेटर घालून तिच्यासोबत फलाटावर बसतात. समोर तो असतो. दोघी त्याच्याकडे बघतात. तो बघतो ते आणखी कोणाकडे तरी.

असा माणूस खरंच असतो का, असं तृप्तीने विचारलं होतं. मी इतकी वर्षं खोटी माणसं दाखवली, म्हणून मला उत्तर देता येईल. असतो. खोटं काही असेल, तर ते त्याच्याभोवतीचं हसू.

आता माझा प्लग कोणी लावत नाही. मला भंगारात द्यायचं चाललं आहे, आणि माझी तक्रार नाही. माझ्यावरची धूळ नाही पुसलीत तरी चालेल, मित्रांनो. पण माणसांची काळजी घ्या. तुम्हाला कोणी फार आवडलं, तर त्याला विचारा, ऐका, आणि उत्तर तुमच्या मनासारखं नसेल तर बाजूला व्हा. आणि तुम्हाला कोणी देवी केलं, देव केलं, तर लगेच खूश होऊ नका. घरात सांगा. घरातल्यांनो, सांगणाऱ्याला हसू नका.

आज सकाळी तृप्ती पार्थला भरवत होती. घरात दुसरं कोणी नव्हतं. कल्याणीचा फोन आला.

"वहिनी, पोचले. आणि ऐक, आज तो आलाच न्हाई! आई पण खूश होऊन घराकडं निघाली."

"आलाच न्हाई?"

"न्हाई. दोन्ही फलाटांवर नव्हता."

"बरं," तृप्ती म्हणाली. फलाटावर नाही, म्हणजे तो दुसरीकडे कुठेतरी होता. तिने फोन ठेवला, घास ताटात ठेवला, पार्थला कडेवर घेतलं, आणि पुढच्या दाराला आतून कडी लावली. मग ती मागच्या दाराकडे पळाली.