पखवाज होता असं समजतं

माइकसमोर उभा राहिला की दाजी कुबल शुद्ध मराठी बोलत असे. एरवी तो गावातल्या चार माणसांसारखाच मालवणी बोले, शिव्याही मालवणीतच देई. पण कर्णा आंब्यावर बांधलेला आणि आवाज तीन वाड्यांत जाणार म्हटल्यावर त्याच्या जिभेला आपोआप इस्त्री होई. त्यामुळे त्यानं गंगाराम मेथराचा जो अपमान केला, तोही शुद्ध मराठीत, व्याकरणाची एकही चूक न करता केला.

प्रसंग श्रावणातल्या सप्ताहाचा. मालवणपासून दोन कोसांवरच्या त्या गावात रवळनाथाच्या देवळात सात दिवस आणि सात रात्री अखंड भजन चाले. प्रत्येक वाडीला तीन-तीन तासांचा पार वाटून दिलेला. एका वाडीचा पार संपत आला की पुढच्या वाडीची माणसं झांजा घेऊन मागं येऊन उभी राहत आणि चालू भजनातच जागा बदलत. काही झालं तरी वाजणं थांबायचं नाही, हा नियम. होड्या वर ओढलेल्या, समुद्र बंद. त्यामुळे माणसांना दुसरं काम नसे, आणि एकमेकांच्या चुका काढायला सात दिवस सलग मिळत.

मेथरवाडीचा पखवाज गंगाराम वाजवी. बावीस वर्षं वाजवत होता. पासष्ट सालच्या सप्ताहात त्याचा पार संपला, तसा लाउडस्पीकरवाला दाजी माइकवर आला आणि म्हणाला, "आत्ताच्या भजनात पखवाजही होता असं समजतं. ज्या भाविकांनी तो ऐकला असेल, त्यांनी कृपया देवळात येऊन कळवावं."

तीन वाड्या हसल्या. ते हसू देवळात ऐकू आलं नाही, कारण कर्ण्यातून आवाज फक्त जातो, परत येत नाही. पण गंगारामला ते वर्षभर ऐकू येत राहिलं. त्याची बायको सावित्री बाजारात मासे घेऊन बसे. शेजारची गोदूबाई रोज सकाळी तिच्या टोपलीत वाकून म्हणे, "सावित्री गो, तुझ्या टोपलेत बांगडे आसत असा समजता." गिऱ्हाइकं हसत आणि बांगडे गोदूबाईकडून घेत. दिवाळीपर्यंत गंगारामला घरोघरच्या भजनांची बोलावणी यायची बंद झाली. ती आता कुबलवाडीच्या बाबलीला जात. बाबली हा दाजीचा सख्खा पुतण्या. पखवाजाशिवाय गंगारामला गावात कोणी फारसं ओळखत नव्हतं. होडी तर सगळ्यांकडेच होती.

गंगारामनं मनाशी ठरवलं की पुढच्या सप्ताहात दाजीनं त्याच माइकवरून, त्याच शुद्ध मराठीत, पखवाज होता असं म्हटलं पाहिजे. तोवर दाढी वाढवायची असंही एकदा त्याच्या मनात आलं. पण त्यासाठी सावित्रीला विचारावं लागलं असतं.

बाजारात रविकांत नावाचा रेडिओ दुरुस्त करणारा होता. दहा वर्षं मुंबईत काढून आलेला, गंगारामच्याच वाडीतला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि तोंडात धरलेला स्क्रू काढून सांगितलं, "काकानू, दोष तुमचो नाय आणि दाजीचोही नाय. कर्ण्याचो आसा. कर्ण्यातून बारीक आवाज जाता, जाडो जायत नाय. झांजो गेल्यो, बुवा गेलो, पखवाजाचो उजवो हात थोडोसो गेलो. डावो हात देवळातच ऱ्हवलो."

"म्हणजे दाजीक ह्या ठावक होता?"

"दाजीक कर्णो खंयच्या झाडार बांधूचो तितकाच ठावक आसा."

हे ऐकून गंगारामला बरं वाटलं नाही. शत्रू लबाड असावा अशी त्याची अपेक्षा होती. तो नुसता अडाणी निघाल्यानं सुडाचं वजन कमी होईल की काय असं त्याला वाटून गेलं. म्हणून त्यानं ती माहिती विसरून टाकली.

रविकांतच्या दुकानात मागं, गोणपाटाखाली, एक ऍम्प्लिफायर होता. मुंबईच्या एका हॉटेलात बास गिटार वाजवणारा त्याचा दोस्त बोटीवरच्या बँडमध्ये नोकरीला गेला आणि जाताना ऍम्प्लिफायर रविकांतलाच देऊन गेला. बास गिटार म्हणजे काय, असं गंगारामनं विचारलं.

"गिटारच. पण तेचो आवाज कानात जायत नाय, पोटात जाता."

"माका ह्योच होयो," गंगाराम म्हणाला.

अडचण एवढीच होती की ऍम्प्लिफायरच्या आतला स्पीकर खोलीपुरता होता. हॉटेलात माणसं टेबलाला टेबल लावून बसतात. इथं दाजीचं घर देवळापासून तीन माड-बागा पलीकडं. बाहेरून एक जादा स्पीकर, स्वतःच्या खोक्यात बसवून, जोडावा लागणार होता. तो कोणता घ्यायचा यावर पुढचे दोन महिने चर्चा झाली. रविकांत मुंबईच्या दुकानांची छापील पत्रकं पसरून बसे आणि गंगाराम प्रत्येक पर्यायाला एकच प्रश्न विचारी.

"चार लहान स्पीकर एका खोक्यात घालूचे म्हटलात तर बोल कसो स्वच्छ येतलो."

"दाजीच्या घराक ऐकूक येतलो?"

"तितको लांब नाय."

"मगे नको."

"दोन मध्यम घेतलात तर उचलूक बरे. पण भार बघूक होयो. ऍम्प्लिफायर जितको भार मागता तितकोच लावूचो. चुकीचो लावलात तर आतलो ट्रान्सफॉर्मर जळान जातलो."

"दाजीच्या घराक?"

"नायतर एकच पंधरा इंची. तेची धमक जमिनीतून जाता. पण तो जड आसा, महाग आसा, आणि खोको कपाटाएवढो लागतलो."

पंधरा इंच म्हणजे किती ते गंगारामनं दोन्ही हातांनी हवेत करून बघितलं, आणि ते हात तसेच धरून तो घरी गेला.

स्पीकर मे महिन्याच्या शेवटच्या बोटीनं आला. खोका करायला धोंडू सुतार बसला. मुंबईहून प्लायवूड मागवावं असं रविकांतचं म्हणणं होतं. गंगारामनं आपल्या मोडक्या होडीच्या फळ्या काढून दिल्या. होड्या बांधण्यात जन्म गेलेल्या धोंडूला स्पीकर म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण काम मात्र त्याला लगेच कळलं. "होडीत भायरचा पाणी आत येता नये. ह्येच्यात आतलो वारो भायर जाता नये. असाच ना?" असं विचारून त्यानं सगळ्या फटींत कापूस ठोकला आणि वर राळ-तेलाचा हात दिला.

शेवटी पाठीचा प्रश्न आला.

"पाठ उघडी ठेवूची की बंद?" रविकांत म्हणाला. "नीट ऐका, काकानू. उघडी ठेवलात तर आवाज पसारता, सैल पडता. जरा चुकला-माकला तर आत झाकान जाता. बंद केलात तर आवाज घट्ट. तुमी जेव्हा वाजवशात तेव्हाच, जितको वाजवशात तितकोच."

"दाजीच्या घरापर्यंत खंयची जाता?"

"बंद."

"बंद कर," गंगाराम धोंडूला म्हणाला.

चाचणी रविकांतच्या दुकानामागं झाली. सावित्रीला घागर देऊन दाजीच्या विहिरीवर पाठवण्यात आलं. गंगारामनं पखवाजाच्या डाव्या तोंडाला, आवाज खोल यावा म्हणून, कणीक चांगली जाड थापली, माइक जवळ घेतला आणि एकच थाप मारली. थोड्या वेळानं आणखी एक. मग सगळे सावित्रीची वाट बघत बसले.

"दाजीच्या घरावरचे नळे थरथरले," ती घागर खाली ठेवत म्हणाली. "मांजर चुलीवरसून उडी मारून गेला. आणि तेची बायको भायर येवन आकाशाकडे बघी होती."

गंगारामनं तिला तीनदा तेच सांगायला लावलं. मांजराबद्दल चारदा. आणखी वाजवून बघायची त्याला गरज वाटली नाही.

सप्ताहाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी नऊच्या पाराला, चार माणसांनी खोका देवळात आणला. दाजी खांबाला टेकून उभा होता. "आणा रे, आणा," तो म्हणाला. "गंगाराम, कपडे ठेवूक बरा आसा." खोक्याचं तोंड कुबलवाडीकडं करून ठेवण्यात आलं. रविकांतनं ऍम्प्लिफायरची वायर जोडली आणि पखवाजाजवळ वेगळा माइक ठेवला. मागल्या वाडीची माणसं चालू भजनातून बाजूला होऊ लागली, मेथरवाडीची आत शिरू लागली, आणि गंगारामनं पखवाज मांडीवर ओढून पहिली थाप दिली.

देवळातल्या समया हलल्या. म्हातारी माणसं सरळ बसली. माडाच्या बागेतून कावळे उठले. बाहेरून कोणीतरी "ह्या काय रे?" म्हणाल्याचं ऐकू आलं. दाजीची पाठ खांबापासून सुटली. गंगारामच्या आयुष्यातली ही सगळ्यात चांगली पाच मिनिटं होती.

सहाव्या मिनिटाला त्याला काहीतरी वेगळं ऐकू आलं. बुवांनी लय जरा वाढवली, आणि ती मोठी, पोटात जाणारी थाप झांजांच्या किंचित मागून आली. पुढच्या आवर्तनात पुन्हा मागून. पखवाज कोण वाजवतंय म्हणून गंगारामनं वर बघितलं, आणि मग त्याच्या लक्षात आलं.

बावीस वर्षं तो बारा जोडी झांजांच्या मधोमध बसत आला होता. त्याचा डावा हात कोणीच कधी ऐकला नव्हता. तो स्वतःसुद्धा त्या न ऐकणाऱ्यांतच होता. त्याच्या काकानं शिकवताना लय वाढवलीच नव्हती, कारण काकाला दमा होता. कर्ण्यानं इतकी वर्षं जे झाकून ठेवलं होतं, ते आता होडीच्या फळ्यांतून, राळ-तेलानं बंद केलेल्या पाठीमुळं, घट्ट होऊन तीन वाड्यांत चाललं होतं.

थांबायची सोय नव्हती. सप्ताहात वाजणं थांबत नाही. त्यानं डावा हात हळू मारून बघितला, तर ऍम्प्लिफायरनं तो तेवढ्याच निष्ठेनं पोचवला. लवकर मारून बघितला, तर थाप झांजांच्या पुढं पळाली. बुवांनी दोनदा मान वळवून बघितलं. तिसऱ्यांदा त्यांनी लयच खाली आणली आणि उरलेला पार, जवळजवळ अडीच तास, मेथरवाडीनं प्रेतयात्रेच्या चालीनं म्हटला. देव तेवढा शांत होता.

बाराला कुबलवाडीची माणसं मागं येऊन उभी राहिली. दाजी माइककडं निघाला. वर्षभर ज्या वाक्याची वाट पाहिली ते आता नको, असं गंगारामला पहिल्यांदाच वाटलं.

दाजीनं घसा साफ केला. "आत्ताच्या भजनात," तो अतिशय सावकाश म्हणाला, "पखवाज होता. सर्वांनी ऐकला."

बस, तेवढंच. एक शब्द जास्त नाही. ज्यांना कळायचं होतं त्यांना कळलं, आणि तीन वाड्यांत न कळणारं कोणी नव्हतं. गर्दीत उभी असलेली गोदूबाई पदर तोंडात कोंबून सावित्रीकडं बघत होती.

गंगारामनं पखवाज खाली ठेवला. समोर बाबली कुबल आपला पखवाज घेऊन पुढं येत होता, खोक्याला वळसा घालून, त्याच्याकडं न बघता. दाजी रविकांतला हळूच म्हणत होता, "तुझी वायर काढ आता. आमच्या बाबलीक कर्णोच बरो."

गंगारामला ते ऐकू आलं. दाजीचा आवाज जरा जास्तच हळू होता, हेही त्याच्या लक्षात आलं. माणूस अडाणी नव्हता तर. अडाणी असल्याचं त्यानं विसरून टाकलं होतं ते बरंच झालं. बाबलीभोवतीच्या झांजासुद्धा बाराच जोडी होत्या; त्याचाही डावा हात आजवर कोणी ऐकला नव्हता.

तो उठला आणि आयुष्यात पहिल्यांदा माइकसमोर जाऊन उभा राहिला. शुद्ध मराठी त्याला फक्त तलाठ्याशी बोलताना लागे. तीच त्यानं वापरली.

"अर्जदार... म्हणजे मी, गंगाराम मेथर, असं कळवतो की हा खोका, स्पीकर आणि ऍम्प्लिफायरसकट, आमच्या घराण्यातर्फे श्री देव रवळनाथाला कायमचा अर्पण केला आहे. उरलेल्या सगळ्या पारांचे, सगळ्या वाड्यांचे पखवाज यातूनच वाजतील. आणि पुढच्या वर्षीसुद्धा. देवाला वाहिलेली वस्तू कोणाला हलवायची असेल, तर त्यानं आधी देवाला कौल लावावा."

गाभाऱ्याच्या दारात उभ्या असलेल्या गुरवानं लगेच खोक्याला कुंकू लावलं. अर्पण केलेल्या वस्तूला कुंकू लावायला गुरव कधी उशीर करत नाही. कुंकू लागलेल्या खोक्याची वायर काढायला दाजीचा हात पुढं झाला, आणि सगळं देऊळ बघतंय म्हणून तसाच परत केसांवरून फिरला.

"ऍम्प्लिफायर माझो होतो, काकानू," रविकांत त्याच्या कानाशी कुजबुजला.

"तुका पुण्य लागला. गप ऱ्हव."

बाबली कणीक थापत होता. खूप वेळ थापत होता. थोडी काढली, थोडी लावली, परत काढली. मेथरवाडीचे झांजवाले उभ्या उभ्या वाजवत वाट बघत होते, कारण थांबायचं नव्हतं.

गंगाराम खोक्यासमोर, अगदी तोंडाशी, मांडी घालून बसला. सावित्री गर्दीतून वाट काढत आली आणि त्याच्या खांद्याला हात लावून म्हणाली, "घराक चला. जेवण निवता."

"थांब गो," तो म्हणाला. त्याची नजर बाबलीच्या डाव्या हातावर होती. "आत्ता खंय पान वाढल्यानी."