पुन्हा पहिल्यापासून

मुलांनो, जरा डोळे मिटा. टोरांटोच्या एग्लिंटन रस्त्यावर न्हाव्याचं एक दुकान आहे आणि खालच्या तळघरात सहा माणसं वाजवताहेत, असं समजा. वरची जमीन एवढी थरथरते की न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा उचलून थांबतो. हाच तो 'ब्लू माहो' बँड. जमैकाहून आलेली ही माणसं दिवसा कारखान्यात, इस्पितळात राबायची. सहा वर्षं लग्नांत आणि चर्चच्या तळघरांत रेगे, म्हणजे त्यांच्या बेटावरचं ठेक्याचं संगीत, वाजवून त्यांनी नाव कमावलं होतं.

गाणारी इसिल्डा म्हणजे नऊ वर्षांच्या मार्वाची आई आणि बेस गिटार, म्हणजे जाड, घुमणाऱ्या आवाजाची विजेवरची गिटार, वाजवणारा लॅसेल्स तिचा मामा.

एकदा शहरातल्या मोठ्या हॉटेलने त्यांना बोलावलं. कार्यक्रम रंगला तर वर्षभर दर शनिवार त्यांचाच. मॅनेजरची अट होती, बेस हळू ठेवा आणि दंगा नको.

"बेस हळू? उद्या म्हणेल, मासे शिजवा पण वास येऊ देऊ नका," मामा पुटपुटला. त्याने आवाज तसूभरही कमी केला नाही.

तिसऱ्या गाण्याला मागे बसलेल्या एग्लिंटनच्या मंडळींना राहवेना. गाणं फारच आवडलं की ही माणसं भिंत बडवतात. मग बँडने तिथेच थांबून गाणं पहिल्यापासून म्हणायचं, अशी रीतच आहे. भिंती धडधडल्या, बँड थांबला. मॅनेजरला वाटलं, लोक खवळले, आता मारामारी होणार. त्याने धावत जाऊन मंचाची वीज तोडली.

माईक बंद पडला, बेस मुका झाला. सामान आवरा, पुन्हा येऊ नका, असं मॅनेजरने बजावलं. शनिवार गेले, हे मंचाजवळ खुर्चीवर बसलेल्या मार्वाला कळलं. आई मात्र जागची हलली नाही.

"वीज तुमची, साहेब, ती न्या. पण लोकांनी गाणं पुन्हा मागितलंय. ते म्हटल्याशिवाय मी खाली उतरायची नाही."

तिने मोकळ्या गळ्याने सुरुवात केली. ड्रमवाल्याने ठेका धरला. तरी बेसविना गाणं लंगडत होतं. मामा मुक्या तारा नुसत्याच छेडत राहिला.

मार्वा खुर्चीवरून उठली, मॅनेजरच्या हाताखालून निसटून मंचावर चढली आणि मामाच्या बोटांकडे बघत, जमेल तेवढ्या जाड आवाजात तोंडानेच बेस म्हणू लागली: डुम, डुडुम, डुम.