दातोबाला ‘या’ कोणी म्हटलं?

मालिकेत त्याला सरदार म्हणत. आत्याच्या शिवणाच्या दुकानात मात्र तो दातोबा. पडक्या किल्ल्यात राहणारा, चारशे वर्षांचा रक्तपिपासू. बुधवारी दिवेलागण झाली, मशिनींवर कापड पडलं, की हा टीव्हीत हजर.

“चारशे वर्षं एकच झगा,” आत्या म्हणायची, “आणि शिवण कुठे उसवली नाही. कोण गं याचा शिंपी?”

“शिंप्याचं सोड, रक्ताचे डाग कोण काढतं ते विचार,” शेजारचा इस्त्रीवाला म्हणायचा.

भाचीचं लक्ष टीव्हीकडे नसायचंच. ते असायचं कोपऱ्यातल्या स्टुलाकडे, चष्मेवाल्याकडे. दोघांचं जमलं होतं, आत्याचा होकार तेवढा राहिला होता. भाचीला आईच्या जागी तीच.

त्या बुधवारी दातोबा नायिकेच्या दारात उभा राहिला. घरातल्या कोणी बोलावल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही. म्हणून तो बाहेरूनच गोड गोड बोलला, कमरेत वाकला आणि म्हणाला, “बराय, येतो.”

नायिकेची आई सवयीने म्हणाली, “या.”

आणि तो आला की आत!

“अगं बाई, निरोपाचा ‘या’ होता तो!” आत्या ताडकन उठली. “मेल्याने शब्दात पकडलं!”

“बोलावलं म्हणजे बोलावलं,” इस्त्रीवाला म्हणाला. “आता कोण हाकलणार त्याला?”

दुसऱ्या दिवसापासून आत्याने ‘ये’ म्हणणंच सोडलं. गिऱ्हाईक “येते हं” म्हणालं, की आत्याच्या ओठांत टाचण्या. बायका पायरीवर घुटमळायच्या, वाट बघायच्या, हिरमुसून जायच्या. एकीने तर न शिवलेलं कापड परत नेलं.

पुढच्या बुधवारी मालिका संपल्यावर चष्मेवाला उठला. “येतो, आत्या.”

आत्या गप्प.

“येतो म्हटलं.”

आत्या गप्पच. त्याने बुटाची नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. तोंड एवढंसं झालं होतं.

भाचीचा धीर सुटला. “आत्या, माणूस आहे गं तो!”

“दिवसा कधी दिसलाय का? आणि रंग बघ त्याचा.”

“दिवसा चष्म्यांचं दुकान असतं, आत्या. सगळा जन्म ट्यूबलाइटखाली,” तो बिचारा म्हणाला.

इस्त्रीवाल्याने त्याला धरून मापाच्या आरशासमोर उभं केलं. “दातोबा आरशात दिसत नाही, हा दिसतोय बाबा. बरा दिसतोय.”

आत्याने ओठांतली टाचणी काढली. “तो दातोबा नाही, एवढं कळतं मला. पण ‘ये’ म्हटलेला माणूस आत येतो, आणि जाताना रिकाम्या हाताने जात नाही. ही एवढीशी होती, याच मशिनीखाली चिंध्यांत झोपायची. चाक थांबलं की जागी व्हायची. मी आपली रिकामं चाक फिरवत बसायची, बिनदोऱ्याचं.”

भाचीने आत्याचा हात धरला.

चष्मेवाला पुन्हा पायरीवर जाऊन उभा होता.

“ये,” आत्या म्हणाली. “आणि येताना हिला घेऊन येत जा.”

“आत्या, अजून नेलीय कुठे?”

“नेशीलच की रे. बुधवार तेवढा चुकवू नका.”